तुम्ही विचारलंत म्हणून: ते गोलकीपर मुखवटा का घालत नसत?

टोरांटोत आमच्याकडे भारतातून कुणी आलं की हॉकी हॉल ऑफ फेम या संग्रहालयाची एक फेरी ठरलेलीच असते. तिथले आइस हॉकीच्या गोलकीपरांचे जुने मुखवटे बघून पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे याच्या आधी हे लोक चेहऱ्यावर काहीच न घालता उभे राहायचे? एवढे शूर होते?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आता नीट लिहितो.

शूर तर होतेच. आइस हॉकीची पक म्हणजे कडक रबराची चकती. वजनाला जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतकी, शिवाय सामन्याआधी गोठवून ठेवलेली. पण नुसत्या शौर्यावर हा विषय मिटवणं मला त्या माणसांवर अन्याय वाटतो. त्यांना भीती पकची होती, त्याहून जास्त जागा जाण्याची होती.

१९४२ ते १९६७ या काळात नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, फक्त सहा संघ होते आणि सामन्यासाठी प्रत्येक संघाचा एकच गोलकीपर तयार होऊन उतरायचा. दोघांना तयार ठेवण्याचा नियम साठच्या दशकाच्या मध्यावर आला. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये या कामाच्या जागा सहा, आणि खेळाडू कुठे खेळणार हे ठरवणार क्लबचे मालक.

डेट्रॉइटचा टेरी सॉचक बघा. १९५२च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेर विजेता ठरवणाऱ्या सामन्यांत, त्याने आठच्या आठ सामने जिंकून दिले, त्यांतल्या चार सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, आणि सगळे मिळून फक्त पाच गोल खाल्ले. १९५५ साली डेट्रॉइटने पुन्हा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं आणि त्याच उन्हाळ्यात सॉचकला बॉस्टनला देऊन टाकलं, कारण ग्लेन हॉल नावाचा तरुण तयार होता. दोन वर्षांनी सॉचकला परत आणलं आणि हॉलला शिकागोला पाठवलं. त्याच्याबरोबर त्याच संघातल्या टेड लिंडसेलाही. लिंडसे तेव्हा खेळाडूंची संघटना उभी करायला निघाला होता. अशा कारभारात "मला मुखवटा हवा" असं कोण म्हणणार? घाबरला असा शिक्का बसला की मागे माणूस तयारच.

सॉचक कमरेत इतका वाकून उभा राहायचा की त्याचा चेहरा थेट पकच्या वाटेत यायचा. खेळाडूंच्या पायांच्या गर्दीतून पक दिसायची ती तशीच. १९६६ साली 'लाइफ' मासिकाने मेकअप करून त्याच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या जुन्या जखमा एकाच वेळी दाखवणारा फोटो छापला. तो बघताना मला आजही अंगावर काटा येतो. हॉल तर मुखवट्याशिवाय सलग ५०२ सामने खेळला, आणि प्रत्येक सामन्याआधी त्याला उलटी व्हायची. हा आकडा सांगताना ती उलटी गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

हे चक्र मोडलं मॉन्ट्रियलच्या जाक प्लांटने. क्युबेकमधल्या गरीब घरातला, अकरा भावंडांत थोरला. लहानपणी विणकाम शिकला, आणि मोठा झाल्यावरही लोकरीच्या टोप्या विणत बसायचा. सरावात तो मुखवटा घालायचा, पण सामन्यात घालायला प्रशिक्षक टो ब्लेकची मनाई होती. पायाजवळची पक दिसणार नाही, असं ब्लेकचं म्हणणं.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. न्यूयॉर्कच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांटच्या तोंडावर बसला. आत नेऊन टाके घातले. तोवर सामना खोळंबलेला. प्लांटने सांगितलं, मुखवटा नसेल तर मी परत जाणार नाही. ब्लेककडे त्याच्या तोडीचा दुसरा गोलकीपर नव्हता; नाइलाजाने तो 'हो' म्हणाला, तेही जखम भरेपर्यंतच. मॉन्ट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला आणि पुढे बरेच सामने हरलेच नाहीत. मार्चमध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर प्लांट एकदा मुखवट्याशिवाय उतरला, डेट्रॉइटकडून ३-० अशी हार झाली, आणि त्यानंतर मुखवटा कायमचा चढला. त्या मोसमात मॉन्ट्रियलने सलग पाचव्यांदा स्टॅन्ली कप जिंकला.

त्याआधी १९३० साली क्लिंट बेनेडिक्ट नावाच्या गोलकीपरने चामड्याचा मुखवटा थोडे दिवस घालून पाहिला होता, पण तो टिकला नाही. प्लांटचा मुखवटा टिकला, कारण प्लांट जिंकत राहिला. एखादा मधल्या फळीतला गोलकीपर असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. म्हणून सर्वांत थोर कोण असं कुणी विचारलं, तर सॉचकचे १०३ शटआउट (एकही गोल न खाल्लेले सामने) समोर असूनही मी प्लांटचं नाव घेतो. आपली जागा पक्की असताना त्याने ती पणाला लावली, आणि त्याचा फायदा जागा पक्की नसलेल्या सगळ्यांना झाला. सॉचकनेही १९६२ साली मुखवटा चढवला.

१९७०च्या अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध सेंट लुईसकडून खेळताना पक प्लांटच्या कपाळावर आदळली. मुखवटा फुटला, तो बेशुद्ध पडला, पण वाचला. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, आणि त्यानंतरही १९७५पर्यंत खेळत राहिला.