तुम्ही विचारलंत म्हणून: गोळीचा लॉट का तपासायचा

रेंजवर नवीन मुलांचे आईबाबा विचारतात, ऑफिसात विचारतात, लग्नाकार्यात आत्या-काका विचारतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीचं ब्राँझ मिळालं तेव्हापासून तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीपण विचारतात. प्रश्न एकच. "गोळी ती गोळी, नेम चांगला असला की झालं ना? मग एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी असून हा लॉट चालतो, तो चालत नाही, ही काय भानगड?" (लॉट म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली गोळ्यांची खेप.) आणि ज्यांनी व्हिडिओ बघितलेले असतात ते पुढे विचारतात की अमेरिकेतले शिकारी घरीच काडतुसं भरतात, तू का नाही भरत? दरवेळी मी दोन वाक्यांत उरकते आणि घरी येऊन चिडचिड होते. म्हणून आज सगळं लिहून टाकते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, ते सोपं आहे. शिकारीच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफलचं काडतूस सेंटरफायर असतं, बुडाच्या मधोमध प्रायमरची, म्हणजे ठिणगी देणारी, वेगळी टोपी असते, ती उडाली की काढून नवीन बसवता येते. त्यामुळे तिकडचा माणूस रिकामी पितळी केस (काडतुसाचं कवच) परत वापरतो, पावडर दशांश ग्रेनपर्यंत तोलतो (एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम), बुलेट किती खोल बसवायची ते किंचित किंचित बदलून बघतो, आणि आपल्या बॅरलला जे मानवतं तिथे थांबतो. आमची पॉइंट टू-टूसुद्धा बोल्ट अ‍ॅक्शनच, पण तिचं काडतूस रिमफायर. पेटणारं मिश्रण केसच्या काठाच्या घडीत आतून भरलेलं असतं, पिन तो काठच चेपते, आणि एकदा चेपला की ती केस कामातून गेली. शिवाय सेंटरफायर असती तरी १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळं लायसन्स लागतं, ओट्यावर बसून करायचं काम नाही ते. तर आम्हाला गोळी घडवता येत नाही, म्हणून निवडावी लागते.

आता निवडायची कशाला. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथून बाहेर प्रत्येक रिंग आठ मिलिमीटरची. गोळी २.६ ग्रॅमची, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाते, आणि टार्गेटपर्यंत पोचेस्तोवर साडेबारा सेंटिमीटर खाली आलेली असते, ते साइटमध्ये (रायफलवरच्या नेम धरायच्या भागात) आपण भरून काढलेलं असतं. पण त्याच डब्यातली एखादी गोळी सेकंदाला दहा मीटरने हळू निघाली तर ती अजून सात-आठ मिलिमीटर खाली जाते. म्हणजे जवळजवळ एक आख्खी रिंग! तुमचा श्वास, ट्रिगर, डोळा, सगळं अगदी जागच्या जागी असताना.

आणि हा फरक पडतो कसा, तर ते मिश्रण ओलं असताना काठात भरलं जातं, ते कुठे कमी कुठे जास्त बसतं, पावडरचा बॅच बदलतो, काठाची जाडी, शिशावरचं मेण, मशीनची डाय (साचा) किती झिजलीय, हे सगळं त्यात येतं. वर बॅरलचा स्वभाव वेगळाच. एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवा, एकीला जमलेला लॉट दुसरीला जमेलच असं नाही. म्हणून "कुठली गोळी बेस्ट?" असं कुणी विचारलं की मला उत्तर देता येत नाही, मी टाळत नसते. बाहेर कंपन्यांच्या टेस्ट रेंजेस आहेत, एलीची बर्मिंगहॅमला, लापुआची जर्मनीत श्योनेबेकला, तिथे आपली रायफल क्लॅम्प करून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो बसला तो विकत घेतात. मला इथे इम्पोर्टमध्ये जे येईल त्यातूनच बघावं लागतं. आणि हो, खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे हे मला माहितीय, मी पुण्याचीच आहे. पण सैन्याची गोळी चिखलात, उन्हात, दरवेळी उडाली पाहिजे म्हणून बनते आणि मॅचची गोळी बटणात बसली पाहिजे म्हणून, ही दोन वेगळी कामं आहेत.

हे झालं पुस्तकी. खरं सांगायचंय ते त्या सिलेक्शन ट्रायलचं.

बालेवाडी, डिसेंबर, सकाळची पहिली डिटेल, म्हणजे मारणाऱ्यांची पहिली तुकडी. थंडी होती पण वारा नव्हता, झेंड्या नुसत्या लोंबत होत्या. साइटर्स, म्हणजे स्कोअरमध्ये न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट, झकास गेले. पहिली सिरीज (दहा शॉटची) पण छान. दुसऱ्या सिरीजमध्ये एक शॉट असा सुटला की अजून डोळ्यासमोर आहे, फोरसाइटच्या (नळीच्या टोकावरच्या साइटच्या) रिंगमध्ये काळा गोल मधोमध, भोवतीची पांढरी कड सगळीकडून सारखी, बोटाला ट्रिगर कळलासुद्धा नाही. मनात म्हटलं १०.५ (रिंगच्या आतही दशांश मोजतात). मॉनिटरवर ९.४, बरोबर सहा वाजता, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी, सरळ खाली. ठीक, होतं असं. पुढचे दोन नीट. मग परत तसाच सुंदर शॉट आणि परत खाली. मी साइट एक क्लिक वर घेतली, तर पुढचा बारा वाजता गेला. क्लिक परत खाली. आणि तिथून पुढे मी टार्गेटवर मारतच नव्हते, मी आधीच्या शॉटवर मारत होते. हात घट्ट झाला, स्लिंग (रायफलचा पट्टा) खांद्यात रुतायला लागली, प्रत्येक शॉटला जास्त वेळ धरून बसले, आणि जास्त धरलं की डोळा थकतो हे मीच लहान मुलांना शिकवते. दीड पॉइंटने गेलं सिलेक्शन.

सर, म्हणजे माझे कोच, मागे उभे होते. एवढंच म्हणाले, "श्वासाबरोबर नळी खाली जातेय तुझी." मला पटलं. का नाही पटणार, एवढी वर्षं त्यांचंच ऐकत आलेय. मग सगळी पोझिशन उकलली. हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) पुढे-मागे, चीकपीस (गालाचा टेकू) खाली, स्लिंग वर, जॅकेट दुरुस्तीला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन लेन्सचा नंबर. आईचं म्हणणं, तुझी झोप होत नाही. बाबांचं म्हणणं, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून थेट रेंजवर जातेस, डोकं शांत कसं राहील. मी सगळ्यांचं ऐकलं. संध्याकाळी भिंतीवर ठिपका लावून रिकामी रायफल धरून बसायचे, आणि ड्राय फायर करताना नळी हलताना मला दिसायचीच नाही, आणि मी म्हणायचे की मलाच दिसत नाहीये.

मग एकदा रायफलींची दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे बोल्ट दाखवायला गेले होते. त्यांनी सहज विचारलं, उरलेली गोळी आहे का त्या ट्रायलमधली? होती. रेंजच्या टोकाच्या लेनला त्यांनी अ‍ॅक्शन व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली, कागद लावला आणि मला म्हणाले, "तू फक्त बोल्ट आणि ट्रिगर चालव, बाकी कुठे हात लावू नकोस." दहा मारल्या. आठ एका भोकात आणि दोन खाली, सहा वाजता. काका काही बोलले नाहीत, दुसरा कागद लावला. परत तेच, यावेळी एक खाली. मग शेजारच्या लेनवरच्या मुलीकडून वेगळ्या लॉटचा डबा मागून घेतला. नवीन मेण बॅरलमध्ये बसायला आधी थोड्या गोळ्या वाया घालवाव्या लागतात, तेवढ्या घालवल्या आणि मग दहा मारल्या. एक गोल भोक. मी तो कागद हातात घेऊन रडले. सुटकेने रडले की त्या वाया गेलेल्या महिन्यांच्या रागाने, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

कागद सरांना दाखवले. ते म्हणाले, "दहा-दहा गोळ्यांवरून काय कळतं?" तेव्हा मला ते फार लागलं. पण आज मला कुणी असे तीन कागद आणून दाखवले तर मीही तेच म्हणेन. दहा गोळ्यांत चांगला लॉट वाईट दिसू शकतो आणि वाईट चांगला. म्हणून आता मी एका लॉटच्या चाळीस मारते, तेही एकाच दिवशी नाही, गार सकाळी थोड्या आणि दुपारी थोड्या. पण त्या दिवशीची मी ऐकायला तयार नव्हते, मला पुरावा हवा होता की ती मी नव्हते. आणि तिचंही काय चुकलं? तोवर प्रत्येकजण तिच्यातच काहीतरी शोधत होता.

पुढच्या सीझनला नवीन लॉट आला, स्कोअर वाढला. लोकांना सांगायला बरं वाटतं की बघा, गोळीच होती. पण त्याच वर्षात माझी पोझिशनपण पार बदलली होती, स्लिंग आजही त्याच नव्या भोकात आहे. किती पॉइंट लॉटचे आणि किती पोझिशनचे हे वेगळं काढायचा मार्ग माझ्याकडे नाही.

"हारलात की गोळीवर ढकलता" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की हो, ढकलणारे आहेत, मी बघितलेत. पण मॅचची गोळी वाईट निघाली तरी सहसा आठ आणि सात मारून देत नाही, ती १०.५ चं ९.४ करते. आठ गेला तर तो तुमचा. मला लॉट तपासायचा असतो तो जास्त स्कोअरसाठी तेवढा नाही, जितका यासाठी की शॉट सुटल्यावर मी जे बघितलं त्यावर मला विश्वास ठेवता यावा. तोच गेला तर सुधारायचं कशाच्या जोरावर?

आईबाबांनो, तुमच्या मुलासाठी आत्ता लॉटवर पैसे घालू नका. शॉट सुटल्या सुटल्या मॉनिटर न बघता "कुठे गेला" हे त्याला सांगता यायला लागू दे. तोवर फक्त डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहायची सवय लावा, डबे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, आणि एखादा लॉट बरा जातोय असं वाटलं तर तो संपायच्या आत परवडतील तेवढे डबे घेऊन ठेवा, तोच नंबर परत मिळत नाही.

सर अजूनही म्हणतात की त्या ट्रायलला श्वासच होता. आमचा यावर चहाच्या टपरीवर वाद होतो, अगदी आवाज चढेपर्यंत होतो. या महिन्यात नवीन लॉट आलाय. चाळीस गोळ्या सरांच्या समोरच व्हाइसमधून मारणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लॉटच्या चाळीस हाताने, कागद त्यांच्याकडेच ठेवून.