फोनवरचा डॉक्टर सोपा, ओटीपी अवघड

आधी चांगलं ते सांगून टाकते, नाहीतर पुढच्या चिडचिडीत राहून जाईल. ई-संजीवनी म्हणजे सरकारचा फोनवरचा दवाखाना; तिथं डॉक्टरांशी बोलायला एक रुपयासुद्धा लागत नाही. समोर खरे डॉक्टर असतात आणि ते ऐकून घेतात. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप केला.

आम्ही धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात वस्तीवर राहतो. अंबाजोगाईचं मोठं सरकारी रुग्णालय आमच्या हक्काचं आहे, तिथल्या उपचाराबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिथं पोचायचं म्हणजे सकाळची एसटी, केसपेपर, ओपीडीची रांग आणि संध्याकाळची गाडी. आत्याबाई एकट्या जाऊ शकत नाहीत, म्हणजे त्यांच्यासोबत माझाही रोज बुडतो. एवढं करून डॉक्टर मागच्याच गोळ्या पुन्हा लिहून देणार. मग लोक काय करतात? गोळ्या संपल्या की दवाखान्यात जात नाहीत, गोळ्याच बंद करतात. चक्कर येऊन पडले की मग जीप करून पळवतात.

फोनवरच्या दवाखान्याकडे आमच्याकडचे लोक वळतात ते या हिशोबानं. हौस म्हणून कुणी वळत नाही. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. फाईल घरी पत्र्याच्या पेटीत राहते, फोन मात्र कोपीपर्यंत, म्हणजे फडावरच्या झोपडीपर्यंत, सोबत जातो. बायकांचं अजून एक आहे. अंगावरून पांढरं जातंय हे दवाखान्यात चार माणसांपुढं कोण सांगणार? घरात दार लावून सांगता येतं.

घरून ॲपवर मोबाइल नंबर टाकूनही हे करता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरबसल्या ओपीडी सुरू झाली ती हीच. आम्ही मात्र गावच्या उपकेंद्रात गेलो, कारण तिथं बीपी मोजून, बोट टोचून शुगर बघून मग डॉक्टरांना जोडतात. नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणण्यापेक्षा आकडा सांगितलेला बरा.

आणि तिथंच गाडी अडली.

उपकेंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, आधी आभा काढून घेऊ. आभा म्हणजे आरोग्याचा चौदा आकडी नंबर. तो ऐच्छिक आहे, सक्ती नाही, हे मला माहीत होतं. पण वरून मॅडमच्या मागेही टार्गेट असतं, आणि कागद एका जागी राहतील तर वाईट काय, म्हणून हो म्हटलं. आधार नंबर टाकला. ओटीपी गेला. कुठं? स्क्रीनवर मोबाइलचे शेवटचे चार आकडे दिसत होते, ते घरात कुणाच्याच नंबराचे नव्हते. बऱ्याच फोनाफोनीनंतर कळलं, गावात आधारचा कॅम्प लागला होता तेव्हा आत्याबाईंच्या आधारला पुतण्याचा नंबर दिलेला. पुतण्या आता चाकणला कंपनीत. ड्यूटीवर असला की फोन गेटजवळच्या लॉकरमध्ये. ओटीपी दहा मिनिटांत मरतो. जेवणाच्या सुट्टीची वेळ ठरवली, तर त्या वेळेला आमच्याकडची रेंज गेली.

आधारला स्वतःचा नंबर नसला की नुसती आभाच नाही, आयुष्मान कार्ड, पीएम किसानची केवायसी, सगळंच त्या पुतण्याच्या लॉकरमध्ये जाऊन बसतं. म्हणून ठरवलं, नंबरच बदलून टाकू.

तालुक्याच्या आधार केंद्राबद्दल काय लिहू. टोकन सकाळी वाटतात आणि आमची पहिली गाडी पोचेपर्यंत टोकन संपलेले. टोकन मिळालं त्या दिवशी दारावर पुठ्ठा लटकलेला, 'सर्व्हर डाऊन'. सर्व्हर आला तर लाइट गेलेली. बाहेर सावली नाही, बसायला बाक नाही, शुगरचं माणूस उपाशी. (डबा सोबत न्या, हे आत्ताच सांगून ठेवते.) ऑपरेटरनं मोबाइल नंबर बदलायला रेशनकार्डाची झेरॉक्स मागितली. नुसता मोबाइल नंबर बदलायला कुठलंच कागदपत्र लागत नाही, आधार कार्ड आणि अंगठा बास. पण शेजारच्या झेरॉक्सवाल्याचंही पोट आहे ना!

शेवटी आत्याबाई मशीनपुढं बसल्या. एक बोट, दुसरं बोट, दहाही झाली.

"आजी, जोरात दाबा."

"दाबलंय की रं बाबा. रेषाच न्हाईत त्याला, कोयत्यानं खाल्ल्या."

बोटं पदराला पुसली, पाण्यानं धुतली, कुणीतरी तेल लावा म्हणालं तेही झालं. मशीन लालच. ऑपरेटर म्हणाला, "नाही होणार, पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात काय आजीला नवीन बोटं फुटणार होती? मी विचारलं, "दादा, डोळ्याचं मशीन कुठंय?" तो म्हणाला, ते चालत नाही. म्हटलं, लावून तर बघा, मी थांबते. मागच्या रांगेतले दोघंतिघंही बोलायला लागले. तेव्हा खालच्या ड्रॉवरमधून, फॉर्मच्या गठ्ठ्याखालून, मशीन निघालं. वायर नीट गुंडाळलेली, वर धूळ. लावलं, आणि झालं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसऱ्यावर जुळलं.

म्हणून कष्टकरी माणसाला नेत असाल तर बोटांचा खेळ करत बसू नका, सरळ 'आयरिस लावा', म्हणजे डोळ्याचं मशीन लावा, म्हणा. ऐकलं नाही तर १९४७ हा आधारचा तक्रारीचा नंबर आहे, तो त्यांच्यासमोरच फिरवायला घ्या. फी ७५ रुपये, पावती मागून घ्या. माझ्याकडून शंभर घेऊन 'सुट्टे नाहीत' झालं. मी पंचवीस रुपये हातात पडेपर्यंत खुर्चीसमोरून हलले नाही. त्याचा मला अजूनही आनंद आहे.

नंबर लागल्यावर उपकेंद्रातलं काम चहा उकळायच्या आत आटोपलं. मॅडमनी बीपी आणि शुगर टाकली, डॉक्टर स्क्रीनवर आले. आत्याबाईंनी आधी पदर डोक्यावर घेतला. डॉक्टर म्हणाले, चालू गोळ्या दाखवा. पाकीट कॅमेऱ्यापुढं धरलं तर नावाची बाजूच कापून टाकलेली, दोन गोळ्या आणि एक्स्पायरीचे अर्धे आकडे उरलेले. नशीब, जुनी चिठ्ठी पिशवीत होती, तीच वाचून दाखवली. आधी समोरासमोर तपासून दिलेल्या गोळ्या पुढं चालू ठेवायच्या असतील तर ही जुनी चिठ्ठी फार कामाला येते. आणि पाकीट कापायचं तर नावाच्या उलट्या बाजूनं.

मग डॉक्टरांनी तळपाय दाखवायला सांगितले. आत्याबाई लाजल्या. फोन खाली नेला तर टाचेला भेग, कडेनं काळी पडलेली. आम्ही रोज बघतो, पण बघितलेली नव्हती. घरातसुद्धा चप्पल घाला, रोज रात्री पाय बघा, आणि हे पंधरा दिवसांत भरलं नाही तर फोनवर नको, अंबाजोगाईलाच जा, असं त्यांनी बजावलं. छातीत दुखलं किंवा एका बाजूचा हातपाय गळाला तर या ॲपच्या नादी लागायचंच नाही, सरळ १०८ लावायचा, हेही सांगितलं.

शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, उपकेंद्रातच मिळाली. बीपीची गोळी तिथं संपली होती, ती बाजारच्या दिवशी तालुक्याहून आणली.

आता जाऊबाईंच्या आधारचा नंबर बदलायचाय. त्यांच्या आधारलाही त्याच चाकणच्या पुतण्याचा नंबर आहे. या खेपेला पहिल्या गाडीचा भरवसा नाही, आदल्या रात्रीच नणंदेकडं मुक्कामाला जाणार आहोत.