मलाक्क्यातलं माजघर

"आमच्याकडे मुलगी सासरी जायची नाही, जावईच राहायला यायचा." गाईड हे बोलली आणि पुढच्या दालनात निघूनही गेली. बाकीचे तिच्या मागे. मी चौकातच उभी राहिले. लेक परत फिरून आली, "आई, काय गं झालं?" म्हटलं, काही नाही, ऊन बाधलं बहुतेक. चौकात ऊन नव्हतं.

मलेशियातल्या मलाक्क्याहून नाशिकला येऊन बॅगा रिकाम्या झाल्या, तिथून आणलेला माडाचा काळा गूळ शेजारीपाजारी वाटून झाला. ते वाक्य तेवढं जात नाही. म्हणून लिहायला बसले. तिवंध्यावरचा आमचा माहेरचा वाडा आता पाडायचा ठरलाय, आम्ही बहिणींनी हक्क सोडून सह्याही दिल्यात. दादाशी हे बोलता यायचं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, झालं ते झालं. ते खरंही आहे.

दिवस तसा फार चांगला गेला. लेकीने क्वालालंपूरहून गाडी ठरवली होती, दोन तासांचा रस्ता. गाईड साठीची, त्याच गावची, बाबा-नोन्या घराण्यातली. चिनी व्यापारी कित्येक पिढ्यांमागे इथे आले, इथेच संसार केले, बोली मलय झाली, देव आणि श्राद्धपक्ष चिनीच राहिले. त्यांच्यातले पुरुष ते बाबा, बायका त्या नोन्या. मलाक्का एवढं मोठं बंदर का झालं, हे तिने नदीच्या पुलावर उभं राहून वाऱ्यावरून समजावलं. आपल्याकडची जहाजं नैऋत्येच्या वाऱ्यावर यायची, चीनची हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर. वारा फिरेपर्यंत परतीची वाट बंद. तोवर गोदाम भाड्याने घ्यायचं, गुजराती कापड विकायचं, लवंग-जायफळ भरायचं आणि महिनोन्‌महिने थांबायचं. गुजराती व्यापारी इतके होते की बंदरावर त्यांच्यासाठी वेगळा शाहबंदर, म्हणजे बंदराचा अधिकारी, असायचा. आणि वाट बघता बघता कित्येक जण तिथलेच होऊन गेले. हे ऐकताना मला बरं वाटत होतं. सकाळी मन स्वच्छ होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

वाडा पहिल्यांदा आठवला तो चर्चमध्ये. लाल चौकातलं डचांचं ख्रिस्त चर्च, 1753 सालचं. गाईडने सगळ्यांना मान वर करायला लावली. छताच्या तुळया अखंड, सांधा नाही, एकेका झाडाची एकेक, 48 फुटी. लोक फोटो काढत होते आणि मला वहिनीचा फोन आठवला, आम्ही निघायच्या आदल्या रात्रीचा. लाकूडवाला तुळया बघून गेला, घनफुटाचा भाव चांगला सांगतोय, म्हणाली. आमच्या तुळया काही एवढ्या लांब नाहीत. पण त्यांच्याखाली आम्ही सगळी निजलो आहोत.

मग टेकडी चढलो. वर सेंट पॉलचं पडकं चर्च, छप्पर गेलेलं, भिंतींना टेकवून ठेवलेल्या थोरल्या थडग्यांच्या शिळा. आत जाळी लावलेला एक खड्डा आहे. गोव्याला ज्यांचं शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरना 1553 मध्ये काही महिने इथे ठेवलं होतं. पोर्तुगीजांनी 1511 साली हे गाव घेतलं, असं ती सांगू लागली आणि मला आपल्या नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा आठवली. वसई चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून घेतली, त्या विजयानंतर आणलेली ती घंटा म्हणतात. लहानपणी गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की पाणी कुठवर चढलं ते आम्ही दुतोंड्या मारुतीवरून सांगायचो आणि मोठी माणसं घंटेकडे बघायची. लेकीला हे सांगायचं होतं. ती ह्यांचा हात धरून पायऱ्या उतरवत होती, राहून गेलं.

खाली किल्ल्याचं एक दार तेवढं शिल्लक आहे. बाकीचा किल्ला इंग्रजांनी सुरुंग लावून पाडला, 1807 साली. त्याआधी 1641 मध्ये गाव पोर्तुगीजांकडून डचांकडे गेलेलं, आणि 1824 मध्ये डचांनी ते इंग्रजांना दिलं, सुमात्रावरच्या बेंकुलेनच्या बदल्यात. लढाई नाही, काही नाही. कागद लंडनला झाला, सह्या झाल्या. दाराच्या दगडावर हात ठेवून मी विचार करत होते की त्या दिवशी इथे कुणीतरी भात शिजवत असेल, कुणाचं मूल तापलेलं असेल, आणि त्यांचं गाव दुसऱ्याचं झालं हे त्यांना कधी कळलं असेल. समुद्रसुद्धा पूर्वी इथपर्यंत होता म्हणे. भराव टाकून मागे सारला, आता तिथे मॉल आहेत.

आणि मग ते घर.

जुन्या हीरेन स्ट्रीटवर आहे. आता त्या रस्त्याला तुन तान चेंग लॉक यांचं नाव आहे. तिथली घरं रस्त्यावर अरुंद आणि आत लांबच लांब, डचांच्या काळात दर्शनी रुंदीवर कर असायचा म्हणून, असं गाईडने सांगितलं. हे घर चान घराण्याचं. 1861 पासून चार पिढ्या राहिल्या, आणि 1985 साली घरच्यांनीच ते लोकांना बघायला उघडं केलं. आत पाऊल टाकलं तर मध्ये चौक, वर आभाळ, पाऊस थेट आत पडणार. चौकाच्या कडेने खांब. वासही तोच, जुन्या लाकडाचा आणि ओल्या फरशीचा.

वरच्या मजल्यावर जमिनीत एक भोक आहे, पुढच्या बैठकीच्या अगदी वर. लाकडाचं बूच काढायचं आणि खाली कोण आलंय ते बघून घ्यायचं. गाईडने बूच काढलं, सगळे आळीपाळीने वाकले. माझी पाळी आली तेव्हा मला त्या भोकातून तिवंध्याच्या वाड्याची ओसरीच दिसली. ओसरीवरच्या तक्तपोशीत दोन फळ्यांमध्ये फट होती, बोटभर. आम्ही बहिणी तिथे पालथ्या पडून खाली बघायचो. पाहुण्यांच्या टोप्या, पानाचं तबक, कुणाच्या टकलावरचा प्रकाश. ताईला बघायला आलेले आम्ही तिथूनच पाहिले. पुढे मी स्वतः खाली पोह्यांची बशी घेऊन उभी होते तेव्हा वरून चिमूटभर धूळ सांडली, मुलाच्या मामाच्या कपात. ते मला एकटीलाच दिसलं. मामांनी चहा संपवला आणि लग्न ठरलं.

स्वयंपाकघरात तर पाटा-वरवंटाच. तिथे मिरच्या, गलांगल म्हणजे आल्यासारखं एक मूळ, आणि लेमनग्रास वाटतात त्यावर, पण दगड तोच, मध्ये झिजून खोलगट झालेला. नोन्या बायकांचा मसाला अजून त्यावरच वाटलेला चांगला लागतो म्हणे. आईचा पाटा न्हाणीजवळ असायचा. आई गेल्यावर तो उभा करून भिंतीला लावला, तो तसाच आहे.

ते वाक्य खरं तर त्याआधीच, पहिल्या चौकात आलं होतं. बऱ्याच घरांत लग्नानंतर मुलगा बायकोच्या माहेरी राहायला यायचा, मुलगी घरातच. तेव्हा मी उभी राहिले ती उभीच राहिले, आणि मग पुढचं सगळं घर मी त्या एका वाक्यातून बघितलं. ही मुलगी इथे जन्मली आणि इथेच म्हातारी झाली. हा जिना तिचाच राहिला. दिवाळसणाला चार दिवसांची पाहुणी म्हणून तिला या घरात यावं लागलं नाही.

मी रडले. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी फोटोंसमोर. आणि सहीच्या दिवशी डोळ्यांत टिपूस नव्हतं.

नोंदणी कार्यालयात आम्ही तिघी बहिणी ओळीने बसलो होतो. फोटो, अंगठा, सही. दादाने गाडी पाठवली होती, नंतर जेवायला नेलं, साड्या घेतल्या. एक शब्द वावगा बोलला नाही, आणि आम्हीही आनंदाने हक्क सोडला. पैसे मला तेव्हा नको होते, आजही नकोत, हे दहादा लिहायची माझी तयारी आहे. कायदाही मला ठाऊक आहे. 1994 साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जितात वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या आम्ही त्यातून वगळलेल्या. 2005 च्या दुरुस्तीने आम्ही आत आलो, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मापासूनचा आहे असं स्पष्ट केलं. म्हणून तर आमच्या सह्या लागल्या. नाहीतर वाडा पाडायचं ठरलंय हेही कदाचित चतुर्थीला जेवायला गेल्यावर कानावर आलं असतं.

सही मागितली. विचारलं कुणीच काही नाही. पाडू का म्हणून नव्हे, ते ठरलेलंच होतं. मागची भिंत फुगली आहे, दर पावसाळ्याआधी जीव टांगणीला लागतो, दादाचं वय झालं, त्याने तरी किती वर्षं कौलं शाकारायची. पण तुला काय वाटतं, एवढंसुद्धा नाही. त्या घरात माझी एकवीस वर्षं गेली आणि मला काही वाटत असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. माहेरवाशिणीला वाटायचं काय असतं? हे लिहितानाही घसा दाटून येतो. ताईला असं काही होतं का, विचारायला हवं. तिला विचारणं सोपं नाही.

दुपारी जेवताना मी गाईडशेजारी बसले. तुमचं घर अजून आहे का, म्हणून विचारलं. तिचंही त्याच पेठेत होतं. भावंडांनी मिळून विकलं, आता तिथे कॉफी मिळते. "कधी कधी लोकांना घेऊन जाते मी तिथे," ती म्हणाली. "आजीचा पलंग होता त्या जागी खिडकीपाशी टेबल आहे, मी तिथे बसते. मालक मुलगा चांगला आहे, भिंती तशाच ठेवल्यात." तिच्या आवाजात दुःख नव्हतं. मग तिने आणखी सांगितलं. पूर्वी नोन्या मुली वयात आल्या की बाहेर पडायच्याच नाहीत. घरात बसून मण्यांच्या चपला भरायच्या, स्वयंपाक शिकायचा. लग्न बारा दिवसांचं, पण नवरा कोण ते घरचे ठरवणार. वरच्या मजल्यावरचं ते भोक होतं, कारण खाली यायची त्यांना मुभा नव्हती.

म्हणजे घर तिचं, आणि तिने ते त्या भोकातून बघायचं.

हे ऐकल्यावर माझ्या मनातली ती मुलगी जरा हलली. तिच्याबद्दल मी सकाळपासून जे धरून बसले होते ते सगळं खरं नव्हतं. मी सायकलवरून गंगाघाट पालथा घातला आहे, एस.टी.ने एकटी पुण्याला शिकायला गेले आहे, आणि माझी लेक परदेशात स्वतःच्या पैशाने घर घेऊन बसली आहे. त्या घरात तरी आता कोण राहतं? जिन्याला दोरी बांधलेली, खुर्च्यांवर बसायचं नाही, तिकीट काढून आत जायचं. वाडा असा ठेवायला ना दादाकडे पैसा आहे ना माझ्याकडे. आणि ठेवला असता तरी माझ्या ओसरीवर दोरी बांधलेली मला बघवली असती का, सांगता येत नाही. संध्याकाळी जवळच्या गल्लीतल्या 1781 सालच्या गणपतीला गेलो, शेजारीच मशीद आणि चिनी देऊळ. हात जोडले तेव्हा मन बरंच शांत होतं. गाडीत मी झोपले.

तरी घरी आल्यावर ते परत आलंच. फक्त आता त्यातली जावयाची गोष्ट गळून पडली आहे आणि न विचारलेलं तेवढं उरलं आहे.

आज दुपारी मी वहिनीला फोन केला. म्हटलं, न्हाणीजवळचा पाटा मला हवा आहे. ती क्षणभर गप्प झाली. "अहो ताई, आधी बोलायचंत ना. परवा तो मागे गल्लीत टाकायला काढला होता, यांनी जड म्हणून तसाच ठेवला." मग म्हणाली, रविवारी या, माणूस बोलावून ठेवते. ठेवणार कुठे फ्लॅटमध्ये, हेही तिने विचारलं. बाल्कनीत, म्हटलं, वॉशिंग मशीन सरकवते थोडं. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणखी काय काय हवंय तुम्हाला?"

मी सांगितलं, ओसरीवरच्या तक्तपोशीतली एक फळी. कुठली ते येऊन दाखवते, लाकूडवाल्याला तेवढी सोडायला सांग. हो म्हणाली. ताईलाही रविवारी बोलावते, असंही म्हणाली. आता ह्यांना टेम्पोचं बघायला सांगितलं आहे. पाट्याला छिन्नीने टाकी लावून खडबडीत करणारं कुणी अजून मिळतं का ते भद्रकालीत विचारायचं आहे, नाहीतर तो वाटायच्या कामाचा नाही.