तिएरचे घडीचे चाकू आणि वहीतली लांबलचक यादी

फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ शहराहून पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर तिएर आहे. गाव डोंगराच्या उतारावर चढत गेलंय. जुन्या गावातल्या गल्ल्या इतक्या उभ्या आहेत की थोडं चाललं की थांबून दम खावा लागतो, आणि थांबलं की समोर हमखास चाकूचं दुकान असतं. लाकडी चौकटींची जुनी घरं, त्यांच्या तळमजल्यावर काचेमागे ओळीने मांडलेली पाती, आणि खाली दरीत आवाज करत कोसळणारी द्युरोल नदी. फ्रान्समध्ये तयार होणाऱ्या चाकू-सुऱ्यांपैकी बहुतांश आजही या गावात आणि आसपास बनतात. धंदा मध्ययुगापासून चालत आलेला आहे.

मी गेले होते ती मे महिन्यात भरणाऱ्या कुतेलियासाठी. हा चाकूंचा मोठा मेळा. देशोदेशीचे कारागीर इथे टेबलं मांडून बसतात, आणि त्यांतले बरेचसे एकेकटे काम करणारे असतात. हाताने बनवलेल्या घडीच्या चाकूचं मला फार वर्षांचं वेड. ऑर्डर दिल्यावर दोन वर्षं, चार वर्षं, कधी त्याहूनही जास्त थांबावं लागतं आणि तरीही माणसं आनंदाने थांबतात, हे मी ऐकून होते. ते काम जवळून बघायचं होतं.

मेळ्याच्या आधी चाकूंच्या संग्रहालयात गेले, हे फार बरं झालं. तिथे कळतं की जुन्या तिएरमध्ये एक चाकू कुणी एकट्याने बनवतच नसे. लोखंड बाहेरून यायचं. घडाई करणारा पातं घडायचा, ते नदीकाठच्या धारवाल्याकडे जायचं, मुठी करणारं घर वेगळं, पॉलिश करणारं वेगळं, आणि सगळे भाग जुळवून खिळे ठोकणारा आणखी वेगळा. पात्यांची टोपली या दारातून त्या दारात फिरायची. प्रत्येकाचा हात एकाच कामावर बसलेला, त्यामुळे चाकू झपाट्याने आणि स्वस्तात तयार व्हायचे.

या साखळीतलं सगळ्यात खडतर काम धार काढणाऱ्यांचं. गावाबाहेर द्युरोलच्या काठाने त्यांच्या जुन्या कामाच्या जागा आहेत, तिथे पायवाटेने जाता येतं. नदीच्या पाण्यावर मोठं चाक फिरायचं, त्यावर दगडी सहाणा फिरायच्या, आणि माणूस त्या सहाणेच्या वर, फळीवर चक्क पालथा झोपून दोन्ही हातांनी पातं दाबून धरायचा. दगडाचं पिवळसर पाणी अंगावर उडायचं, म्हणून या लोकांना ‘पिवळ्या पोटाचे’ असं नाव पडलं. खाली थंडगार पाणी, वर ओल. पाय गारठू नयेत म्हणून त्यांची कुत्री त्यांच्या पायांवर बसून राहायची! जुन्या छायाचित्रांत ती कुत्री दिसतात. वेगात फिरणारा दगड फुटला, तर माणूस वाचेलच याची खात्री नसे. दरीतल्या त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहिल्यावर, स्वस्त चाकूची किंमत कुणीतरी आधीच मोजलेली असते, हे मला फार लागलं.

मग मेळा. मोठं सभागृह, टेबलाला टेबल लागलेलं, आणि प्रत्येक टेबलावर जेमतेम मूठभर चाकू. काही टेबलं सकाळीच रिकामी झालेली, नुसता कारागीर आणि त्याची ऑर्डरींची वही उरलेली. लोक हळू आवाजात बोलत होते. चाकू हातात घेण्याआधी विचारायचं, पात्याला बोट लावायचं नाही (बोटांच्या घामाने पोलादावर डाग पडतो), आणि परत देताना मूठ समोरच्याकडे करायची. हे सगळे जण न सांगता पाळत होते.

एका मध्यमवयीन कारागिराच्या टेबलाशी मी बराच वेळ रेंगाळले. त्याच्याकडे मुठीसाठी शिंग, ऑलिव्ह, जुनिपर आणि बॉक्सवुडचे तुकडे होते, आणि उघडून ठेवलेला, मुठीच्या पट्ट्या अजून न बसवलेला एक अर्धवट चाकू होता. तो त्याने मला हातात दिला. घडीचा साधा चाकू म्हणजे बघायला गेलं तर तीनच गोष्टी: पातं, पाठीवरची स्प्रिंग आणि दोन बाजूंच्या पट्ट्या. खरं काम आहे ते पात्याच्या बुडाचा आणि स्प्रिंगच्या टोकाचा जिथे सांधा होतो तिथे. चाकू बंद असो, अर्धा उघडा असो की पूर्ण उघडा, स्प्रिंगची पाठ पट्ट्यांच्या कडेशी तंतोतंत सपाट राहिली पाहिजे. नखाने चाचपलं तर कुठे अडखळता कामा नये. तिन्ही स्थितींत हे साधायचं, तर बुडाचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात कानशीने उतरवत न्यावा लागतो. थोडं घासायचं, जोडायचं, उघडून बघायचं, खिळा काढायचा, पुन्हा घासायचं.

एवढं करून पातं भट्टीत जातं. त्याचं पोलाद आरडब्ल्यूएल-३४ होतं. अमेरिकन कारागीर रॉबर्ट (बॉब) डब्ल्यू. लव्हलेस यांच्या नावाची आद्याक्षरं असलेलं, धातूच्या भुकटीपासून बनवलेलं हे स्वीडनचं पोलाद युरोपातल्या कारागिरांचं फार लाडकं आहे. साधारण १०५० अंश सेल्सिअसला तापवून ते झटकन थंड करायचं, मग कमी उष्णतेवर पुन्हा मुरवायचं, म्हणजे धार टिकते आणि पातं ठिसूळही होत नाही. असं पाणी दिल्यावर (तापवून झटकन थंड केल्यावर) पातं किंचित जरी वाकलं तरी आधीची सगळी जुळवणी बिघडते, आणि आता ते इतकं कठीण झालेलं असतं की त्यावर कानस चालत नाही. काही पाती इथेच बाद होतात.

त्याने तयार चाकू माझ्या हातात ठेवला. मी उघडला. आधी जडसर, मग एका बिंदूनंतर स्प्रिंगनेच ओढून घेतलं आणि खट् असा स्वच्छ, कोरडा आवाज आला. पातं तसूभरही हललं नाही. तो आवाज मी किती वेळा ऐकला कुणास ठाऊक. मागचे लोक ताटकळले तेव्हा भानावर आले. फोटोत हे काही म्हणजे काही कळत नाही. चाकू हाती धरूनच बघावा लागतो.

आणि मग संग्रहालयात पाहिलेली पात्यांची ती टोपली आठवली. जे काम जुन्या तिएरमध्ये पाच-सात घरांत वाटलेलं होतं, ते हा माणूस एकटा करतो. घडाई तोच करतो, धार तोच काढतो, मूठ, पॉलिश, जुळवणी सगळं त्याच्याच हातून होतं. महिन्याला त्याच्या हातून मोजकेच चाकू तयार होतात. वहीत नावं मात्र रोज पडतात. मग यादी वर्षानुवर्षांची होणारच. टंचाई दाखवून भाव वाढवणारेही या धंद्यात असतील, पण प्रामाणिक कारागिराच्या यादीमागे एवढं सरळ गणित असतं. मदतीला माणसं ठेवली तर यादी ओसरेल, पण ज्याच्या हातासाठी लोक थांबलेत तो हातच मग त्या चाकूत कमी होईल.

तिएरहून मी दक्षिणेला ओब्राकच्या पठारावरच्या लायोल गावीही जाऊन आले. पाठीवर मधमाशी कोरलेला, सडपातळ बांध्याचा तो प्रसिद्ध चाकू मूळचा या गावचा, १८२९ सालापासूनचा. १९८७ मध्ये इथे नवा कारखाना उभा राहिला, डिझायनर फिलिप स्टार्क यांनी रचलेला, छपरातून आभाळात घुसलेल्या प्रचंड पात्याचा. चाकू देखणे आहेत, पण गावात पर्यटकांची दुकानं इतकी आहेत की माझं मन रमलं नाही. एक गोष्ट मात्र तिथे शिकले: हा चाकू मिटताना पातं सोडून द्यायचं नाही, हाताने सावकाश आत न्यायचं, नाहीतर धार स्प्रिंगवर आपटून बोथट होते.

पण त्याआधी, मेळ्याच्या शेवटच्या दिवशी, मी त्या कारागिराच्या टेबलाकडे परत गेले होते. त्याने वही उघडली आणि आधी विचारलं, “चाकूने काय कापणार?” फळं, पाव, चीज, दोरी, असं मी सांगितलं. त्यावरून त्याने पात्याची लांबी सुचवली. आगाऊ पैसे तो घेत नाही. पैसे घेतले की चाकू कर्जासारखा डोक्यावर बसतो आणि हात घाई करतो, असं त्याचं म्हणणं. नंबर लागला की तो पत्र पाठवणार, तेव्हा नको वाटलं तर नाही म्हणायचीही मुभा आहे. साधारण तीन वर्षं, तो म्हणाला.

मी बॉक्सवुडची मूठ सांगितली, आणि स्प्रिंगवर नक्षी नको म्हटलं. त्याने मान वर करून पाहिलं. नक्षी नसली की सांध्यातली बारीकशी खोटही लपत नाही, त्यामुळे अशा चाकूला वेळ थोडा जास्तच लागेल, असं त्याने बजावलं. मी म्हटलं, “लागू दे.”