दिवेआगर, शिंपणं आणि बॉनेटवरचा पोचा

कोकणात समुद्राजवळ दहा गुंठे घ्यायचे हे आमच्या घरात दर पावसाळ्यात एकदा आणि दर मे महिन्यात दोनदा ठरतं. यंदा फेब्रुवारीत खरंच निघालो. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बोर्ली पंचतनवरून दिवेआगर, मिसळ आणि दोन चहा धरून पाच तास. हॉटेल नाही, मित्राच्या काकांच्या वाडीत चार दिवस, म्हणजे एजंटच्या जागाही बघून होतील आणि राहून कसं वाटतं तेही कळेल असा डबल प्लॅन.

पहिली गंमत म्हणजे घरातून समुद्र दिसतच नाही. घराचं तोंड रस्त्याला, मागे विहीर, त्याच्यामागे लांबलचक पट्ट्यासारखी वाडी, माड, पोफळी (सुपारीची झाडं), मधेमधे जायफळ, पोफळींवर चढवलेली मिरी, मग कुंपण, मग सुरूचं बन आणि मग कुठे वाळू. मी म्हटलं, अहो काका, तुम्हाला सी व्ह्यूच नाही. तर म्हणाले, "संध्याकाळी जातो ना फिरायला, चोवीस तास कशाला बघायचाय तो? खारं वारं अंगावर घेऊन घर टिकतं होय?" आणि खिडकीचे गज दाखवले, एवढ्या झाडीच्या आड असूनही पापुद्रे सुटलेले. समुद्र दिसत नसला तरी रात्री पंखा बंद केला की गाज ऐकू येते, आधी वाटलं बाहेर ट्रक उभा आहे कोणाचा तरी, मग कळलं.

दुसऱ्या दिवशी सहाला काकांनी हाक मारली, शिंपणं आहे म्हणून. हे मला नवीन होतं. पंप चालू केला की विहिरीचं पाणी पाटातून निघतं आणि एकेका झाडाच्या आळ्यात वळवायचं, आळं भरलं की तोंड बंद, पुढचं उघड. आज अर्धी वाडी, उद्या अर्धी, दिवाळीनंतर सुरू झालं की पाऊस लागेपर्यंत सुट्टी नाही, कारण जमीन वाळूची, पाणी थांबतच नाही. काका हे सगळं पायाने करतात. टाचेने माती ओढली, वर पोफळीची वाळकी विरी (झावळीचा बुंध्याकडचा रुंद भाग) आडवी टाकली, पाणी वळलं, माणूस पुढे. मी फावडं घेऊन वीस मिनिटं झटलो तर पाटच फोडला आणि पाणी सगळं अळूत. काकू मागीलदारी भांडी घासत होत्या, काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या. पण खरं सांगू का, अनवाणी त्या गार पाण्यात उभं राहून एकेक आळं भरताना बघणं, वरून उन्हाचे कवडसे, मला त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, बीचवर तर मी दोनदाच गेलो.

मग गाडीचा प्रकार. सावली बघून गाडी माडाखाली लावली, मी पुणेकर, सावली फुकट मिळाली की सोडत नाही. रात्री दोनला धाडकन आवाज. सकाळी बॉनेटवर हा एवढा पोचा आणि बाजूला नारळ निवांत पडलेला. काका म्हणाले, "नारळाला डोळे असतात, माणसाच्या डोक्यावर पडत नाही कधी. गाडीचं बोलला नाहीये तो." नारळाची दुपारी सोलकढी झाली, जरा राग गेला.

जागा तीन बघितल्या. एक इतकी समुद्राला लागून की एजंट सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, विषय निघाला की फोन घ्यायचा (भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत तो विषय असतोच). दुसरीच्या सातबाऱ्यावर एवढी नावं की वाचताना आम्ही पानावर पानं उलटतोय, निम्मे लोक मुंबईला आणि काही तर वरतीच. तिसरी चांगली होती पण शेतजमीन, आणि आपल्याकडे ती घ्यायला आधी स्वतः शेतकरी असावं लागतं, माझ्या आजोबांनी विकून टाकली तेव्हा हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. याच गावात १९९७ साली एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला होता, २०१२ मध्ये तो चोरीला गेला ते सगळ्यांना माहीतच आहे. काका म्हणतात, "आम्ही इतकी वर्षं खणतोय, आम्हाला वाळूच लागते."

शेवटच्या संध्याकाळी खळ्यात सुपारी वाळत घातलेली, ती गोळा करायला बसलो होतो. इथली सुपारी म्हणजे श्रीवर्धन रोठा, नाव ऐकून होतो, हातात पहिल्यांदा घेतली. मी सहज विचारलं, वादळात काय झालं होतं? काकांनी हात थांबवला नाही. ३ जून २०२०, निसर्ग. दुपारी वारा आला, पोफळी काडीसारख्या मोडत होत्या, आणि आवाज कसला तर फटाके लावल्यासारखा. संध्याकाळी मागच्या दारात आले तर घरातून समुद्र दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा. "तुझा तो सी व्ह्यू," म्हणाले. महिनाभर लाईट नव्हती. पावसाळा गेल्यावर रोपं लावली, आणि पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर शिंपणं आहेच, फळ असो नसो. त्यांचं वय तेव्हा एकाहत्तर होतं. मी पुढे काही विचारलं नाही, सुपाऱ्या भरत राहिलो.

येताना शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धनला जाऊन आलो, डाव्या हाताला डोंगर आणि उजवीकडे खाली समुद्र, थांबून थांबून फोटो काढले, तो रस्ता कितीही वेळा केला तरी चालेल.

एजंट अजून रोज व्हॉट्सअॅपवर प्लॉट पाठवतो. बायको म्हणते घेऊ या. मी विचारतो शिंपणं कोण करणार, मग ती म्हणते ड्रिप बसवू, मग मी म्हणतो खाऱ्या हवेत आणि वानरांत ड्रिप किती टिकेल, मग विषय पुढच्या पावसाळ्यावर जातो. पोचा अजून तसाच आहे. निघताना काकांनी डिकीत कोंब आलेले दोन नारळ टाकले होते, "जमीन झाली की लाव" म्हणून. दोन्ही बाल्कनीत जुन्या रंगाच्या डब्यांत लावलेत, एकाला तिसरं पान फुटलंय.