धाप लागली की प्रार्थना छोटी होते

प्रार्थना कोरडी पडते म्हणजे नेमकं काय होतं हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याला वेगळं सांगायला नको. बायबल उघडायचं, अध्याय वाचायचा, डोळे मिटायचे आणि तोंडातून तीच ठरलेली वाक्यं, मन मात्र कामाच्या कुठल्यातरी मेलमध्ये अडकलेलं. माझा विश्वास उडाला होता असं नाही बरं का, उपासनेला जात होते, गाणीही म्हणत होते, पण आत काही हलायचं नाही. धावायला लागले ते यावर उपाय म्हणून मुळीच नाही, डॉक्टरांनी शुगरवरून दम भरला म्हणून.

सुरुवातीला धावताना देव आठवायचा प्रश्नच नव्हता, श्वासाचीच मारामार. फरक पडला तो वेग कमी केल्यावर. रनिंगवाले एक साधी टेस्ट सांगतात, धावता धावता अख्खं वाक्य बोलता आलं तर पेस बरोबर, शब्दाशब्दाला धाप लागली तर तुम्ही उगाच जोर करताय. आता माझ्यासोबत कोणी नसायचं, बोलणार कोणाशी, म्हणून मी बायबलमधलं स्तोत्र १२१ म्हणायला घेतलं, पाठ होतं आणि आठच वचनं आहेत. एकदा पावसानंतर उतारावर होते, तो तुझा पाय घसरू देणार नाही हे वचन तोंडात आणि तेवढ्यात डावा पाय ओल्या पानांवरून सर्रकन पुढे गेला, दोन्ही हात हवेत, कशीबशी सावरले आणि तिथेच उभी राहून मोठ्याने हसले. लहानपणापासून म्हणत आलेय हे स्तोत्र, पण त्यातला पाय म्हणजे खराखुरा चिखलाने भरलेला पाय असू शकतो हे तेव्हा डोक्यात शिरलं. १२० ते १३४ ही सगळी आरोहणस्तोत्रं, सणासाठी यरुशलेमला चढत जाणारे यात्रेकरू ती वाटेत म्हणायचे असं मानलं जातं, म्हणजे चालत्या माणसांची गाणी, आणि आपण ती खुर्चीत बसून म्हणतो.

चढावर मात्र स्तोत्रही जमत नाही. तिथे मी ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती) चर्चमधली एक जुनी प्रार्थना उचललीये, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. त्यांच्या मठांमध्ये ती श्वासाच्या लयीत पुन्हा पुन्हा म्हणायची शेकडो वर्षांची रीत आहे, अर्धी श्वास घेताना, अर्धी सोडताना. माझ्या चढावर तिचंही शेवटी "दया कर" एवढंच उरतं, कधी कधी नुसतं "प्रभू". आणि गंमत अशी की याच तुकड्यांमध्ये मला पुन्हा वाटायला लागलं की मी कोणाशी तरी बोलतेय. बायबलमधल्या मार्कच्या १०व्या अध्यायातला आंधळा बार्तीमय रस्त्याच्या कडेला बसून एवढंच ओरडतो, लूक १८ मधला जकातदार छाती बडवत एवढंच म्हणतो, लांबलचक प्रार्थना त्या गोष्टीत परुश्याची, म्हणजे स्वतःला धार्मिक समजणाऱ्याची आहे. श्वास कमी असला की भारी शब्द आपोआप गळतात, जे खरंच मागायचंय तेवढंच राहतं.

एक गोष्ट मला जरा खटकते ती बोलूनच टाकते. चर्चमध्ये धावण्याचा विषय निघाला की ९९ टक्के वेळा तो कष्टाचा उपदेश असतो, शर्यत पूर्ण करा, शिस्त लावा, बक्षीस मिळवा. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना पत्रात तसं लिहिलंय खरं, आणि त्यांना ते लगेच कळलंही असणार कारण करिंथजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ व्हायचे, जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळायचा आणि तो सुकून जायचा. पण बायबलमध्ये धावण्याच्या दुसऱ्याही गोष्टी आहेत ना! संदेष्टा एलीया अहाब राजाच्या रथाच्या पुढे इज्रेलपर्यंत धावतो, एवढा मोठा विजय झालेला असतो, आणि पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो आणि रानात झुडपाखाली आडवा होऊन मरण मागतो. तेव्हा देव त्याला काय देतो? उपदेश नाही. झोप, भाकर, पाणी, परत झोप, परत भाकर. प्रश्न विचारायला देव नंतर येतो. रिकव्हरी डे, म्हणजे धावण्यातून विश्रांतीचा दिवस, घेताना ज्यांना अपराधी वाटतं त्यांनी हाच अध्याय, १ राजे १९, वाचावा, मी तर पाय वर करून पडल्या पडल्या वाचते.

आणि लूक १५, उधळ्या पुत्राची गोष्ट. सगळं उधळून मुलगा घरी चालत येतोय, धावतो तो बाप. मुलाचं पाठ केलेलं भाषण पुरतं व्हायच्या आधीच चाकरांना झगा आणा म्हणून सांगतो. हे मला आधीपासून माहीत होतं, पण स्वतः घाम गाळून धावायला लागल्यावर त्या म्हाताऱ्या माणसाची धाप ऐकू यायला लागली. मी इतकी वर्षं समजत होते की कोरडेपणा घालवायला मलाच जोर लावून देवापर्यंत पोचायचंय, आणि इथे तर जोर तो लावतोय.

बाहेरच का, ट्रेडमिल का नाही? ट्रेडमिलवर समोर आकडे असतात आणि नजर तिथून हटत नाही. बाहेर वारा समोरून आला तर आला, त्यात माझं काही चालत नाही, आणि तेवढं माझ्यासाठी फार चांगलं आहे. शिवाय पहाटे निघालं की स्तोत्र १९ समोरच घडतं, त्यात सूर्य वीरासारखा आनंदाने धावायला निघतो असं लिहिलंय. इयरफोन मी आता घरीच ठेवते.

एक सावधगिरी. धावून झाल्यावर जे हलकं हलकं छान वाटतं त्याला मी पवित्र आत्मा म्हणत नाही. ती शरीरातली रसायनं आहेत, एंडॉर्फिन, एंडोकॅनाबिनॉइड वगैरे, त्यांच्यासाठी देवाचे आभार मानते आणि पुढे जाते. नाहीतर ज्या दिवशी पाय जड आणि मूड खराब, त्या दिवशी देवही गैरहजर असं समजायची वेळ येईल, आणि माझ्या बऱ्याच खऱ्या प्रार्थना नेमक्या अशाच दिवशी झाल्यात.

रविवारचा प्रश्न उरतोच, कारण बहुतेक रेस रविवारी सकाळी, उपासनेच्याच दिवशी असतात. एरिक लिडेल या ब्रिटिश धावपटूने १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या फेऱ्या रविवारी म्हणून ती शर्यत सोडली आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली, हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात. तो मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत अडकला, तिथे रविवारच्या खेळात पोरं भांडायला लागली तेव्हा हाच माणूस रविवारी रेफरी म्हणून उभा राहिला, आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. मला दोन्ही पटतं. माझ्यापुरतं ठरलंय की लाँग रन शनिवारी. धावताना देव भेटतो म्हणून चर्चची मंडळी सोडली तर माझ्या प्रार्थनेत माझ्याशिवाय कोणी उरणार नाही, आजारी कोण, नोकरी कोणाची गेली हे मला उपासनेनंतर दारात उभं राहूनच कळतं, आणि मग तीच नावं घेऊन मी आठवडाभर धावते, एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत एक माणूस.

कोणाला सुरू करायचंच असेल तर चढासाठी स्तोत्र ११७ घ्या, दोनच वचनं आहेत. सपाट रस्त्याला १२१ किंवा २३. ११९च्या वाटेला सध्या जाऊ नका, १७६ वचनं आहेत, तेवढं लांब मी अजून धावलेले नाही.