तुम्ही विचारलंत म्हणून: कुटुंबं आणायची कुठून?

"मॅडम, लेकरं आहेत, पण कुटुंबंच पुढं येत नाहीत. आणायची कुठून?"

हा प्रश्न मला कधी बालगृहाचे अधीक्षक विचारतात, कधी संस्थेचे अध्यक्ष, कधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात नव्याने लागलेली एखादी मुलगी. हिंगोलीत विचारतात, धाराशिवला विचारतात, जालन्याला तर चहा यायच्या आत विचारतात. शिशुगृहात समाजसेविका म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. आता अंबाजोगाईला घरी असते आणि कुणी बोलावलं की जाऊन बसते, दत्तक आणि प्रतिपालकत्वासाठी (म्हणजे दत्तक न देता मूल दुसऱ्या कुटुंबात वाढायला ठेवण्यासाठी) कुटुंबं मिळवण्याच्या कामात जमेल ती मदत करते. प्रश्नाला बहुधा एक शेपूट जोडलेलं असतं: आपले लोक मागास, त्यांना वंशाचा दिवा सोडून काही कळत नाही.

मी म्हणते, आधी तुमचा चौकशीचा फोन कोण उचलतं ते दाखवा. इथे बहुतेकांचा विरस होतो. त्यांना जत्रेत स्टॉल, रिक्षावर भोंगा, कीर्तनात दोन शब्द असलं काहीतरी ऐकायचं असतं.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. केज तालुक्यातलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झालेली, दोन एकर कोरडवाहू, नवरा दूध संकलन केंद्रावर कामाला. बाई फारसं बोलत नव्हती, पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि सोडायची. मी त्यांना 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलची माहिती दिली, कागदांची यादी हातात ठेवली आणि सांगितलं, सेतू केंद्रात जा, तिथला पोरगा फॉर्म भरून देईल. त्याने दिला भरून. गृहभेटीला मी स्वतः गेले, अहवाल चांगला लिहिला. मग वाट बघणं सुरू झालं. लहान बाळासाठी ते आजही तीन वर्षांच्या वर जातं.

त्यांचा नंबर लागला. निरोप गेला ईमेलवर आणि मोबाइलवर. ईमेल सेतूवाल्याचा होता. मोबाइल नंबरही त्याचाच, कारण ओटीपी यायला तोच फोन टेबलावर होता. बाळ राखून ठेवायला 48 तास मिळतात. सेतूवाला तोवर केंद्र बंद करून पुण्याकडे कंपनीत लागला होता. मी पोर्टल उघडून बघितलं ते दोन महिन्यांनी. फोन केला तर बाईने एवढंच विचारलं, "मुलगी व्हती का मुलगा?" पुन्हा रांगेत थांबता येईल, असं मी समजावत राहिले. नवरा म्हणाला, "आता ऱ्हाऊ द्या ताई." फॉर्मवर नंबर कुणाचा टाकलात, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून आता कुठेही गेले की चौकशीची वही मागते. एका कार्यालयात ती निघाली, कपाटावर, कॅलेंडरखाली. जांभळ्या शाईत नाव, गाव, फोन, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: 'फॉर्म घेऊन गेले', 'नंतर येतो म्हणाले', 'फोन लागत नाही'. मी म्हटलं, लावू या. स्पीकरवर लावले. पहिला गृहस्थ म्हणाला, "तुम्हीच म्हणले व्हते साहेब रजेवर हायेत, नंतर करा. मग मला वाटलं नसंल द्यायचं." दुसऱ्या घरी आता भावाची मुलगी राहायला होती. तिसऱ्या बाईला माझा आवाज ऐकून आधी घाबरायलाच झालं, तिला वाटलं बँकेतून आहे. चौथा लातूरचा निवृत्तीला आलेला शिक्षक. त्याला वय बसत नाही असं सांगून वाटेला लावलं होतं.

या शिक्षकापाशी जरा थांबते, कारण इथेच आपण सगळ्यात जास्त माणसं गमावतो. ते स्वतः 55 वर्षांचे, बायको 50 ची. मुलगी लग्न होऊन गेलेली, घर रिकामं. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते, म्हणजे त्यांना 'नाही' सांगणं बरोबरच होतं. पण चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा 100 आहे आणि त्यापुढच्या मुलांसाठी 110. यांची बेरीज 105. नऊ वर्षांचं लेकरू त्यांच्या घरात कायद्याने येऊ शकत होतं. फोन उचलणाऱ्याने अर्धाच नियम सांगितला, कारण त्याला तेवढाच पाठ होता. बाळासाठी देशभर रांग लागलेली असते. आठ-दहा वर्षांचं मूल, दोघं-तिघं भावंडं, अपंग मूल यांच्यासाठी फारसं कुणी रांगेत नसतं. मग जो बाळासाठी आला आणि बाळ मिळणार नाही असं कळलं, त्याला दाराशी उभं ठेवून निरोप द्यायचा की आत बसवून दुसऱ्या मुलांबद्दल बोलायचं, एवढाच तर प्रश्न असतो.

आता भोंग्याबद्दल. मीही तो प्रयोग करून बसले आहे. एका संस्थेला बसस्थानकावर लावायला पोस्टर करून दिलं होतं: रडवेला चेहरा, खाली 'मला घर द्याल का?' चेहरा विकतच्या फोटोतला, कारण आपल्या ताब्यातल्या मुलाचा चेहरा छापणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अमेरिकेत दत्तकासाठी मोकळ्या झालेल्या मुलांचे फोटो आणि माहिती देऊन कुटुंबं शोधतात. तसं आपण का करत नाही, असं एका अध्यक्षांनी मला विचारलं होतं. मी त्यांना हे कलम वाचायला दिलं. आमच्या पोस्टरला मात्र खूप फोन आले. निम्मे त्याच चेहऱ्याचं पोरगं मागत होते. काहींना मुलगी हवी होती, पण गोरी. एकाने कामाला उपयोगी पडेल असा पोरगा आहे का, असं सरळ विचारलं. दयेने आलेला माणूस मुलाने पहिल्यांदा तोंडावर दार आपटलं की परत जातो. तेव्हापासून मी कागदावर असं लिहायला सांगते: नऊ वर्षांचा मुलगा, गणित आवडतं, रात्री दिवा लागतो, चिडला की जेवत नाही. फोन कमी येतात. येतात ते या मुलाबद्दल विचारायला येतात.

जात विचारतातच. कुणी चहाच्या आधी, कुणी निघताना चप्पल घालता घालता. नवे कार्यकर्ते तिथे व्याख्यान सुरू करतात आणि कुटुंब गप्प होतं. मी सांगते, आम्हाला माहीत नसते, आणि माहीत असली तरी जात बघून मूल देत नाही. मग दोन मिनिटं काही बोलत नाही. जे राहायचे ते राहतात.

पैशाचंही स्वच्छ बोलावं. दत्तक, प्रतिपालकत्व आणि बालसंगोपन या तिन्हींची आपल्याकडे एकच भेळ झाली आहे. बालसंगोपन म्हणजे राज्याची योजना, आता तिला सावित्रीबाईंचं नाव आहे, महिना 2,250 रुपये. ते बहुतेक वेळा आईजवळ किंवा आजीजवळच वाढणाऱ्या मुलाला मिळतात. नवरा गेलेल्या बायकांना ही योजना पाठ असते. प्रतिपालकत्वात मूल दुसऱ्या कुटुंबात राहायला जातं, नाव-गाव तेच राहतं, बालकल्याण समितीची देखरेख असते आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना 4,000 मिळतात. दत्तकात मूल तुमचंच होतं, पैसा नाही. आकडा लपवला की शेजारी शोधून काढतात आणि मग 'पैशासाठी पोरगं ठेवलंय' सुरू होतं. मोठ्या अक्षरांत छापला की जी माणसं नकोत ती आधी येतात. मी तो गृहभेटीत, मुलाच्या शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च यांच्यासोबत सांगते.

प्रतिपालकत्व हा शब्द खेड्यात कुणाच्याच जिभेवर बसत नाही. पण गोष्ट नवी नाही. बीड, केज, धारूरकडची माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेव्हा लेकरं आजीजवळ, मावशीजवळ, कधी शेजारणीजवळ राहतात. 'मानलेली बहीण', 'मानलेला भाऊ' इथे घरोघर असतो. मी म्हणते, मानलेली आई. मग फार समजावावं लागत नाही. 2024 च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या, विधवा, घटस्फोटित बाईलाही हे दार उघडलं आहे, आणि दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तकाची वाटही मिळू शकते. पूर्वी पाच वर्षं लागायची. हे मी बचत गटाच्या बैठकीत सांगते, दुपारी, हप्ते भरून झाल्यावर.

सरकारी कार्यक्रमात सावित्रीबाई-जोतीरावांनी यशवंतला दत्तक घेतल्याचा दाखला हमखास येतो. टाळ्या पडतात. कुणी हे सांगत नाही की फुल्यांनी त्याला कुठून शोधून आणलं नव्हतं. 1863 मध्ये त्यांनी काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात काशीबाई नावाची विधवा बाळंत झाली, मूल त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. माझं सगळं म्हणणं खरं तर तेवढंच आहे. मूल ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना आपण विचारत नाही.

एका बालगृहात अकरा वर्षांचा मुलगा होता. नाव अर्थातच सांगत नाही. आई नाही, बाप कुठे आहे ते कुणाला माहीत नाही, चार वर्षांत भेटायला कुणी आलेलं नाही. फायलीत 'नातेवाईक: निरंक'. अधीक्षक म्हणाले, याच्यासाठी आम्ही सगळं करून बसलो. मी त्याच्याशी बोलायला बसले. तो भोवऱ्याला सुतळी गुंडाळत होता, वर बघायला तयार नाही. मी विचारलं, तुला बरं नसलं की कुणाला सांगतोस? तो म्हणाला, "खिचडीवाल्या मावशीला."

शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई. ती याला करपलेला भात बाजूला काढून ठेवायची, कारण त्याला तो आवडतो. दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असताना एकदा बालगृहाच्या फाटकावर चिवडा घेऊन आली होती, वॉचमनने आत सोडलं नव्हतं. फायलीत हे कुठेही नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती चुलीपुढे होती, नवरा हमाली करून नुकताच आलेला. सरकारी जीप बघून आळीतली माणसं जमली, कुणीतरी विचारलं, पीककर्जाची वसुली का? मी मुलाचं नाव घेतलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "त्याला देत्यात व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाई."

त्यानंतर पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखले, उत्पन्नाचा दाखला, समितीपुढे दोनदा हजेरी. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये तीन खेटे. नवऱ्याची मजुरी त्या दिवशी बुडते हे आपल्या हिशेबात नसतं. आता मी संस्थांना सांगते, तुमच्या माणसाने त्या बाईसोबत तहसीलला जावं, नुसती यादी देऊ नये.

मुलगा आता तिच्याकडे आहे. समितीच्या वतीने दर महिन्याला पाहणी होते. सुरुवातीचे चार महिने तो ताटात खायचा आणि उरलेलं उशीखाली लपवायचा. ती रोज उशी उचलायची, मुंग्या झटकायची, बोलायची नाही. परवा तिचा फोन आला. पोरगं आठ दिवस शाळेत गेलं नाही, दप्तर घेऊन निघतं आणि नदीवर जाऊन बसतं. मास्तर म्हणाले, बालगृहात परत पाठवा. ती मला म्हणाली, "ताई, मला ओरडायचं बी कळंना आणि गप ऱ्हायचं बी कळंना. तुम्ही यिऊन बसा जरा."

गुरुवारी जाणार आहे. आठवड्याचा बाजार असतो, ती अर्धा दिवस घरी असते.